राज्यभरातील आरोग्यसुधारणा मोजताना: आधी छेद पक्का करा

अमेरिकेत २०१३ पासून स्टेट इनोव्हेशन मॉडेल्स या केंद्रीय उपक्रमातून ३४ राज्यांना आरोग्यसेवेची घडी आणि तिचे पैसे देण्याची रीत बदलायला निधी मिळाला. जितक्या तपासण्या तितकं बिल ही फी-फॉर-सर्व्हिसची पद्धत सुटावी आणि रुग्ण धडधाकट राहण्यातच रुग्णालयाचा फायदा असावा, हा त्यामागचा विचार. पण नवी पद्धत लागू झाली का, आणि तिच्यामुळे काही साधलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना एकाच आकड्यात कोंबू नका.

उद्दिष्ट आणि व्याख्या

उद्दिष्ट कसं लिहावं, यासाठी मेरीलँडचा २०१४ चा करार समोर ठेवा. सरकारी-खासगी सर्व विमा योजना धरून रुग्णालयांचा दरडोई खर्च वर्षाला ३.५८ टक्क्यांच्या आत वाढावा, पाच वर्षांत मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या केंद्रीय विमा योजनेचे) ३३ कोटी डॉलर वाचावेत, उपचारादरम्यानच्या टाळता येण्याजोग्या गुंतागुंती ३० टक्क्यांनी घटाव्यात. किती, कशाचं, कोणाचं आणि कधीपर्यंत, हे सगळं त्यात आहे. ‘सेवेचा दर्जा सुधारणे’ असं लिहिलेलं उद्दिष्ट मोजताच येत नाही.

मग प्रत्येक मापनासाठी एकेक पान करा: अंश, छेद (टक्केवारी ज्या एकूण रुग्णांतून काढली ते), कोणते रुग्ण वगळले, माहिती कुठून, आधारवर्ष कोणतं आणि चांगली दिशा कोणती. हे पान पहिला आकडा येण्याआधी गोठवायचं. दिशेची नोंद क्षुल्लक वाटते, पण फसगत तिथेच होते. रक्तदाब १४०/९० च्या खाली असलेल्यांचं प्रमाण वाढलं तर चांगलं. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) ९ टक्क्यांच्या वर गेलेल्या मधुमेहींचं प्रमाण वाढलं तर वाईट. डॅशबोर्डवर ‘वाढ म्हणजे हिरवा’ असा सरसकट नियम लावला, की साखर बिघडत चालल्याचीच शाबासकी मिळते.

पैसे कोणत्या वाटेने गेले

यासाठी एलएएन (हेल्थ केअर पेमेंट लर्निंग अँड ॲक्शन नेटवर्क) या राष्ट्रीय गटाची चार वर्गांची चौकट वापरतात. वर्ग १ म्हणजे निव्वळ फी-फॉर-सर्व्हिस. वर्ग २ मध्ये तीच फी, पण दर्जाशी जोडलेली. वर्ग ३ मध्ये ठरलेल्या खर्चाच्या तुलनेत झालेल्या बचतीत वाटा मिळतो (३अ), किंवा तोट्याचाही वाटा उचलावा लागतो (३ब). वर्ग ४ मध्ये लोकसंख्येच्या हिशेबाने ठोक रक्कम दिली जाते.

समजा, एका विमा कंपनीने वर्षात १०० कोटी डॉलर दिले. त्यातले ५५ कोटी ३अ करारातल्या डॉक्टरांकडे गेले आणि बचतीचा वाटा म्हणून प्रत्यक्षात ६० लाख मिळाले. या चौकटीत ‘५५ टक्के पैसा नव्या पद्धतीत’ अशी नोंद होते, आणि ती नियमाला धरूनच असते. पण डॉक्टरच्या हातात कामगिरीमुळे पडलेली रक्कम एकूण रकमेच्या ०.६ टक्केच आहे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा आणि ३अ व ३ब कधीही एकत्र करू नका. आमच्या मते एखाद्या राज्याची खरी मजल ३ब आणि ४ मध्येच दिसते.

दरडोई खर्च

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण चुका इथेच लपतात. राज्यं क्लेमची (उपचारांसाठी विमा योजनांकडे धाडलेल्या बिलांची) माहिती सर्व विमा योजनांच्या एकत्रित डेटाबेसमधून घेतात. पण २०१६ मध्ये गोबेल विरुद्ध लिबर्टी म्युच्युअल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कर्मचाऱ्यांच्या उपचाराचा खर्च मालक स्वतः उचलतो अशा योजनांवर राज्याला ही माहिती देण्याची सक्ती करता येत नाही. अशा योजनांमध्ये लाखो लोक असतात. एखाद्या वर्षी त्यांतल्या काहींनी माहिती देणं थांबवलं, तर छेदातली माणसंच बदलतात आणि खर्च उगाच घटल्यासारखा किंवा वाढल्यासारखा दिसतो. म्हणून तुलनेसाठी दोन्ही वर्षं माहिती देणाऱ्या योजनाच घ्या, आणि त्यांत राज्यातले किती टक्के लोक येतात ते तक्त्याखाली लिहा.

दुसरी गोष्ट म्हणजे ठोक रक्कम, बोनस आणि बचतीचे वाटे क्लेममध्ये उमटतच नाहीत. त्यामुळे सुधारणा जितकी पुढे जाईल तितका पैसा डेटाबेसमधून दिसेनासा होतो. या रकमा विमा कंपन्यांकडून वेगळ्या तक्त्यात मागवा आणि त्या मिळवूनच बेरीज करा.

तिसरी गोष्ट उशिराच्या क्लेमची. वर्ष संपल्यावर किमान तीन महिने थांबा. सहा थांबलात तर उत्तम. दोन्ही वर्षांना सारखीच मुदत द्या. मागच्या वर्षाचे बारा महिन्यांनंतरचे आकडे आणि चालू वर्षाचे तीन महिन्यांनंतरचे आकडे एकत्र मांडले, तर चालू वर्ष आपोआप स्वस्त दिसतं.

आधारवर्ष २०२० ठेवू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या वर्षी दरडोई खर्च घटला आणि २०२१ मध्ये सुमारे ९ टक्क्यांनी वाढला. दोन वर्षांची सरासरी मात्र ३.२ टक्क्यांच्या आसपास. असं वर्ष मध्ये आलं तर दोन-तीन वर्षांची सरासरीच दाखवा.

रुग्णांच्या आजारपणानुसार खर्चाचं समायोजन करतानाही जपून. जास्त निदानं नोंदवली की जोखमीचा गुणांक वाढतो आणि खर्च कागदावर कमी भासतो, मग रुग्ण तेवढाच आजारी का असेना. म्हणून फक्त वय आणि लिंगानुसार समायोजन केलेला आकडाही सोबत ठेवा.

दर्जा आणि तुलना

कोणता रुग्ण कोणत्या दवाखान्याच्या खाती धरायचा, हा नियम मध्येच बदलला तर जुनी वर्षंही नव्या नियमाने पुन्हा मोजा. छेद ३० पेक्षा कमी असेल तर टक्केवारी जाहीर करू नका. दोन रुग्णांच्या फरकानेही ती डोलते.

सर्वांत मोठा सापळा ‘आधी आणि नंतर’चा. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये वारंवार भरती होणाऱ्या रुग्णांना खास मदत दिली जात होती. २०२० मध्ये त्या उपक्रमाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मदत मिळालेल्यांपैकी ६२.३ टक्के रुग्ण १८० दिवसांत पुन्हा भरती झाले, मदत न मिळालेल्यांपैकी ६१.७ टक्के. दोन्ही गटांत भरती आधीपेक्षा कमी झाली होती, कारण सर्वांत वाईट काळात निवडलेला रुग्ण पुढे बहुधा थोडाफार सावरतोच. तुलनेला दुसरा गट नसता, तर सगळं श्रेय उपक्रमाला गेलं असतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडता येत नसतील, तर निदान उपक्रमात उशिरा आलेले जिल्हे आधी आलेल्यांच्या शेजारी ठेवा.

आकडे कधी आणि कोणासमोर

भरती, पुनर्भरती आणि आपत्कालीन विभागातल्या फेऱ्या तिमाहीला पाहा. खर्च आणि दर्जाची मापनं वर्षातून एकदा पुरेत. मापनं वीसच्या आत ठेवा. ओरेगॉनने २०१३ मध्ये १७ मापनांना पैसे जोडले: मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी विमा योजना) सांभाळणाऱ्या संस्थांच्या देयकांपैकी २ टक्के रक्कम त्यांवर अवलंबून होती. खर्चवाढीची ठरलेली मर्यादा ओलांडल्यावर काय होणार, तेही आधीच लिहून ठेवा. मॅसॅच्युसेट्सने २०१२ च्या कायद्यातच तशी तरतूद केली: खर्चवाढ मर्यादेबाहेर गेलेल्या संस्थेकडून राज्याचा आयोग सुधारणेचा लेखी आराखडा मागू शकतो. २०२२ मध्ये एका मोठ्या रुग्णालय-समूहाकडून तो पहिल्यांदा मागवला गेला.