भूकंपमापक केंद्र गावात येतंय? आधी वर बघा

मागच्या खेपेला यवतमाळकडच्या एका केंद्राची जागा मी तयार केली होती. परदेशी शास्त्रज्ञ आणि आपले लोक नवं ब्रॉडबँड यंत्र (मंद ते जलद सगळी कंपनं टिपणारं भूकंपमापक) बसवून गेले, आणि पावसाळ्यातली नोंद माझ्यामुळे वाया गेली. तुमची जाऊ नये.

जिनिंग, रस्ता, मोटारपंप यांच्यापासून लांब, हे कोणीही सांगेल. चबुतरा मात्र काळ्या जमिनीवर बांधू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि यंत्र कलतं. मुरमाखालचा पक्का खडक लागेपर्यंत खणा. चबुतरा आणि फरशी यांच्यात चहूबाजूंनी बोटभर फट हवीच. नाहीतर भिंतीवर वारा आदळला तरी आलेखात उमटतो.

आता जीपीएसचा अँटेना. यंत्र आपलं घड्याळ त्यातूनच उपग्रहांच्या वेळेशी जुळवतं. मी तो मार्चमध्ये लावला. धुऱ्यावरच्या सागांना पान नव्हतं, वर सगळं मोकळं. जुलैत सुपाएवढी ओली पानं आली, उपग्रह दिसेनात, यंत्राचं घड्याळ सरकत गेलं. भूकंपाची पहिली लहर खडकातून सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावते. घड्याळ एक सेकंद चुकलं की केंद्रबिंदूचा हिशेब किलोमीटरांनी हुकतो. इतर देशांच्या केंद्रांशी ताळा बसेना, म्हणून सहकाऱ्यांनी आमची नोंद बाजूला ठेवली. त्यांचं बरोबरच होतं. तेव्हा अँटेना लावताना आज वर काय आहे ते नका बघू, श्रावणात काय असेल ते बघा. वावराच्या मालकाला विचारा, त्याला झाड न् झाड माहीत असतं.

यंत्र उत्तरेला धरून बसवतात; ती दिशा आखताना होकायंत्र लोखंडी दारापाशी धरू नका. वहीत जागतिक वेळच (यूटीसी) लिहा: किल्लारीचा भूकंप आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा, जागतिक वेळेत 29 तारखेच्या रात्रीचा. तो भागही शांतच समजला जायचा, म्हणून ‘आपल्याकडे कुठे भूकंप होतात’ असं म्हणून हयगय करू नका.

यंत्राचा अनुक्रमांक आणि प्रतिसादाची फाईल (किती हालचालीला यंत्र किती आकडा देतं ते सांगणारी) जपा. त्यावाचून जमीन किती हलली ते काढता येत नाही. अर्थिंग वळवाच्या आधी. थ्री फेजवर विसंबू नका, सौर पॅनल लावा. केबल पाइपातून, उंदीर आहेत. कुंपण, कुलूप, सिमकार्ड.

आणि निघण्याआधी अँटेनाखाली उभे राहून पुन्हा वर बघा. फांदी दिसली तर खांब हलवा, त्याच दिवशी.