जेपीए शिकताना अॅनोटेशनआधी एसक्यूएल बघा

जावामधलं सर्व्हरचं काम शिकायला घेतलं की बहुतेक जण जेपीएच्या (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांशी जोडायची ठरलेली पद्धत) एंटिटीवर, म्हणजे टेबलाशी जोडलेल्या क्लासवर, अॅनोटेशन (@ने सुरू होणाऱ्या खुणा) लावत सुटतात. कोड चालतो, पण डेटाबेसकडे काय जातंय याचा पत्ता नसतो. म्हणून पहिल्याच दिवशी हायबरनेटचा, म्हणजे जेपीए प्रत्यक्ष राबवणाऱ्या लायब्ररीचा, एसक्यूएल लॉग चालू करा. ऑर्डर आणि आयटम अशी दोन टेबलं पुरेत. 100 ऑर्डर आणा आणि लूपमध्ये प्रत्येकीचे आयटम वाचा. लॉगमध्ये 101 क्वेरी दिसतील: एक ऑर्डरसाठी, बाकी 100 आयटमसाठी. 'एन प्लस वन' म्हणतात तो हाच. जॉइन फेच (ऑर्डरसोबतच आयटमही आणायला सांगणं) लावलात की काम एका क्वेरीत होतं. मात्र त्यालाच पेजिंग जोडू नका. हायबरनेट सगळे रेकॉर्ड मेमरीत ओढून तिथे पानं पाडतं. लॉगमध्ये इशारा येतो, तो कुणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

वन-टू-मेनी (एका ऑर्डरचे अनेक आयटम) मुळात लेझी असतं, म्हणजे मागितल्यावरच डेटा आणतं; मेनी-टू-वन (आयटमकडून ऑर्डरकडे) मात्र ईगर, म्हणजे लगेच आणणारं. ते आठवणीने लेझी करा. मग कधीतरी लेझी-इनिशियलायझेशनची एरर येईल. हायबरनेटचं सेशन (डेटाबेसशी चालू असलेला संवाद) बंद झाल्यावर तुम्ही आयटम मागितले, एवढाच तिचा अर्थ. घाबरून सगळं ईगर करू नका. लागणारा डेटा सर्व्हिसमध्येच आणून डीटीओत (फक्त डेटा वाहून नेणारा साधा ऑब्जेक्ट) भरा. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमधली ओपन-इन-व्ह्यू सेटिंग रिक्वेस्ट संपेपर्यंत सेशन उघडं ठेवते; ती सुरुवातीपासून चालू असते आणि ही चूक झाकते. शिकताना ती बंदच बरी.

खरी दमछाक ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र टिकतात किंवा एकत्र रद्द होतात असा गट) होते. स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शनल अॅनोटेशन प्रॉक्सीमार्फत, म्हणजे क्लासच्या पुढे उभ्या केलेल्या मध्यस्थ ऑब्जेक्टमार्फत, चालतं, त्यामुळे त्याच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला थेट बोलावलं तर दुसरीवरच्या अॅनोटेशनचा उपयोग शून्य. चेक्ड एक्सेप्शन (हाताळणं कंपायलर सक्तीचं करतो अशी एरर) आलं तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये रोलबॅक होत नाही, म्हणजे बदल रद्द होत नाहीत; कमिट होतो, म्हणजे ते कायम होतात. अर्धवट नोंदी बऱ्याचदा इथूनच येतात. शिवाय ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या सेवेला कॉल करू नका. डेटाबेसची कनेक्शन सांभाळणाऱ्या हिकारी लायब्ररीच्या पूलमध्ये (तयार कनेक्शनचा साठा) वेगळं काही सांगितलं नाही तर 10च कनेक्शन असतात. दहा रिक्वेस्ट कॉलच्या उत्तराची वाट बघत बसल्या की अकरावी 30 सेकंद ताटकळते आणि टाइमआउट होते. पूल वाढवून हे दुखणं फक्त पुढे ढकललं जातं.

जुनं ट्यूटोरियल चालेना, तर आधी इम्पोर्ट तपासा: 2020च्या जकार्ता ईई 9पासून पॅकेजचं नाव 'जावाएक्स'ऐवजी 'जकार्ता' झालंय.