गुंतागुंतीची निवड करताना निर्णयाचं मॉडेल कसं वापरावं

समोर चार-पाच पर्याय असतात. प्रत्येकात काहीतरी बरं असतं, काहीतरी खटकतं, आणि बैठकांवर बैठका होऊनही विषय तिथेच घोटाळत राहतो. मग कुणीतरी सुचवतं, "एक तक्ता करू, गुण देऊ आणि बेरीज करू." सल्ला चांगला आहे, पण अपुरा. तक्ता कसा भरायचा हे ठाऊक नसेल, तर मनात आधीच ठरलेल्या पर्यायाला आकड्यांचा मुलामा चढतो आणि सगळे समाधानाने उठतात. नीट भरलेला तक्ता मात्र फार मोलाची गोष्ट दाखवतो: आपलं नेमकं कशावर जमत नाहीये, माहितीवर की प्राधान्यावर. या लेखात भर आहे तो वजन ठरवण्यावर, म्हणजे कोणत्या निकषाला किती महत्त्व द्यायचं यावर, कारण बहुतेक तक्ते तिथेच फसतात.

ही कल्पना जुनी आहे. १७७२ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली एका नोकरीच्या प्रस्तावावरून द्विधा मनःस्थितीत होता. बेंजामिन फ्रँकलिनने त्याला पत्रातून कळवलं, की काय ठरवावं हे मी सांगू शकत नाही, पण कसं ठरवावं हे सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, एका बाजूला अनुकूल मुद्दे, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवस सुचेल तशी भर घालायची. मग तुल्यबळ मुद्दे एकमेकांसमोर काटायचे. एक अनुकूल मुद्दा दोन प्रतिकूल मुद्द्यांइतका जड वाटला, तर तिन्ही काटायचे. शिल्लक काय उरतं ते पाहायचं. निर्णयाची आजची मॉडेलं, म्हणजे गुण आणि वजनांचे तक्ते, याच कागदाचा विस्तार आहेत.

आधी ठरवा: मॉडेलची गरज आहे का?

निर्णय सहज फिरवता येण्याजोगा असेल, तर तक्ता करू नका. एक पर्याय निवडा आणि वापरून पाहा. पर्याय अनेक, निकष एकमेकांना छेद देणारे, चूक महागात पडणारी आणि मत असणारी माणसं एकाहून जास्त, अशा वेळी हा खटाटोप सार्थकी लागतो.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?" हा प्रश्न अरुंद आहे. "पुढची पाच वर्षं संस्थेच्या नोंदी कशा ठेवायच्या?" असं विचारलं, की आणखी पर्याय दिसायला लागतात. त्यात "आहे तेच चालू ठेवायचं" हा पर्यायही तक्त्यात घ्याच. तो नसेल, तर बदलाची किंमत कुठेच दिसत नाही. प्रश्नाखाली दोन गोष्टी लिहा: अंतिम शब्द कुणाचा आणि कोणत्या तारखेपर्यंत.

पायरी २: अटी आणि निकष वेगळे करा

अट म्हणजे जी पाळली नाही तर पर्याय बादच. निकष म्हणजे ज्यात कमी-जास्त चालतं. "आपला सगळा डेटा कधीही बाहेर काढता आला पाहिजे" ही अट असू शकते. तिला निकष म्हणून गुण दिले, तर दुसरीकडे भरपूर गुण मिळवून एखादा घातक पर्याय वर येतो. म्हणून आधी चाळणी लावा, मग तुलना करा.

कधी कधी चाळणीतच काम होतं. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी दाखवलं होतं, की माणूस सर्वोत्तमाच्या मागे न लागता "पुरेसं चांगलं" सापडल्यावर थांबतो, आणि वेळ व माहिती मर्यादित असताना हे शहाणपणाचंच असतं. अटी पूर्ण करणारा एकच पर्याय उरला असेल, तर इथेच थांबा.

पायरी ३: निकष कमी ठेवा

पाच-सहा निकष पुष्कळ झाले. यादी लांबली की एकच गोष्ट दोन नावांनी शिरते. "वापरायला सोपं" आणि "प्रशिक्षण कमी लागतं" हे बऱ्याचदा एकाच गोष्टीचे दोन चेहरे असतात. दोन्ही ठेवले तर तिला नकळत दुप्पट वजन मिळतं. ज्या निकषावर सगळे पर्याय सारखे आहेत, तोही काढून टाका. तो कितीही महत्त्वाचा असो, निवडीत त्याचा उपयोग नाही.

पायरी ४: आधी वस्तुस्थिती भरा, मग गुण

घाई इथेच होते. लोक थेट दहापैकी सात, दहापैकी आठ असे गुण द्यायला लागतात आणि वस्तुस्थिती व आवड यांची भेसळ होते. पहिल्या तक्त्यात फक्त मोजमाप लिहा. नोंदींच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण पुढे नेऊ. आहे तेच चालू ठेवण्याचा पर्याय डेटा बाहेर काढण्याच्या अटीवर बाद झाला आणि चाळणीनंतर तीन पर्याय उरले, असं समजा:

- पर्याय अ: खर्च बजेटच्या ९५ टक्के, शिकायला ३ आठवडे, तक्रारीला प्रतिसाद २४ तासांत
- पर्याय ब: खर्च ९० टक्के, शिकायला १० आठवडे, प्रतिसाद ८ तासांत
- पर्याय क: खर्च ९८ टक्के, शिकायला ५ आठवडे, प्रतिसाद ४ तासांत

आता प्रत्येक निकषावर सर्वांत चांगल्याला १०० आणि सर्वांत वाईटाला ० द्या. मधल्याला त्या प्रमाणात. खर्चात ब ला १००, अ ला ३७.५, क ला ०. शिकण्याच्या वेळेत अ ला १००, क ला सुमारे ७१, ब ला ०. प्रतिसादात क ला १००, ब ला ८०, अ ला ०.

प्रमाण सरळ रेषेतलं आहे का, हे तपासून घ्या. २४ तासांवरून ८ तासांवर येणं हा खरा दिलासा असेल आणि ८ वरून ४ वर येण्याने फारसा फरक पडत नसेल, तर ब ला ८० ऐवजी ९५ देणं योग्य. फक्त तसं का दिलं ते शेजारी लिहून ठेवा.

पायरी ५: वजन द्या, पण निकषाच्या नावाला नव्हे

"खर्च किती महत्त्वाचा?" असं विचारलं तर कुणीही म्हणेल, फार महत्त्वाचा. समजा त्यावरून खर्चाला ५० टक्के आणि बाकी दोघांना २५-२५ टक्के वजन दिलं. प्रत्येक गुणाला त्याच्या वजनाने गुणलं की बेरीज येते: अ सुमारे ४४, ब ७०, क ४३. ब मोठ्या फरकाने जिंकला.

आता पुन्हा मोजमापांकडे पाहा. खर्चातला फरक फक्त ९० ते ९८ टक्के इतका आहे, आणि तिन्ही पर्याय बजेटमध्येच बसतात. तरीही त्या आठ टक्क्यांना आपण निम्मं वजन देऊन बसलो. खर्च महत्त्वाचा आहेच, पण *या तीन पर्यायांमध्ये* त्याचा फरक किरकोळ आहे. वजन द्यायचं असतं ते या फरकाला.

त्यासाठी प्रश्न असा विचारा. सगळ्या निकषांवर सर्वांत वाईट असलेला एक काल्पनिक पर्याय डोळ्यांसमोर आणा: खर्च ९८ टक्के, शिकायला १० आठवडे, प्रतिसाद २४ तासांत. यातली एकच गोष्ट सर्वांत चांगल्या पातळीवर नेता येणार असेल, तर पहिली कोणती न्याल? समजा उत्तर आलं, प्रतिसाद २४ वरून ४ तासांवर. त्याला १०० गुण. त्याच्या तुलनेत शिकण्याचा वेळ १० वरून ३ आठवड्यांवर आणणं किती मोलाचं? ८०. आणि खर्च ९८ वरून ९० वर? २०. एकूण २००, म्हणजे वजनं झाली ५०, ४० आणि १० टक्के.

नवी बेरीज: अ ४४, ब ५०, क सुमारे ७९. तेच पर्याय, तीच माहिती आणि शेवटचा आलेला क आता पहिला. या लेखातली एकच पायरी करायची असेल, तर ही करा.

वजन ठरवताना लोक अडखळत असतील, तर निकष फक्त क्रमाने लावून घ्या किंवा सगळ्यांना सारखं वजन देऊन सुरुवात करा. हे वाटतं तितकं बाळबोध नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की भाकितांच्या कामात निकष नीट निवडलेले असतील तर सारखी वजनं देणारी सूत्रंसुद्धा अनेकदा जाणकारांच्या अंदाजापेक्षा सरस ठरतात.

थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) पद्धतही बरीच वापरली जाते. तिच्यात निकषांच्या जोड्या लावून "याच्यापेक्षा हे कितीपट महत्त्वाचं" हे १ ते ९ च्या पट्टीवर सांगायचं असतं. उत्तरांत विसंगती किती आहे हेही ती मोजते. विसंगतीचं हे गुणोत्तर ०.१० च्या वर गेलं, तर तुलना पुन्हा तपासाव्यात असा संकेत आहे. अडचण अशी, की ५ निकषांना १० तुलना लागतात आणि १० निकषांना ४५. शेवटी शेवटी माणूस कंटाळून उत्तरं देतो. शिवाय मूळ पद्धतीत नवा पर्याय घातला, तर जुन्या पर्यायांचा आपसातला क्रमही बदलू शकतो. साध्या निवडीसाठी मी वरची फरकाची पद्धतच सुचवेन.

पायरी ६: निकाल हलवून पाहा

पहिला आला म्हणून लगेच जाहीर करू नका. एकेक वजन थोडं वर-खाली करा आणि क्रम कुठे बदलतो ते शोधा. आपल्या उदाहरणात प्रतिसाद आणि शिकण्याचा वेळ यांचं आपसातलं प्रमाण तेच ठेवून खर्चाचं वजन वाढवत नेलं, तर ते ३० टक्क्यांवर पोचेपर्यंत क पुढे राहतो. त्यानंतर ब पुढे जातो. आता बैठकीत वाद घालायला नेमका मुद्दा आहे: या आठ टक्क्यांच्या फरकाला ३० टक्क्यांहून जास्त वजन देण्याइतकं कुणाला महत्त्व वाटतं का? कुणालाच वाटत नसेल, तर खर्चावरचा वाद संपला.

पहिल्या दोन पर्यायांत दोन-तीन गुणांचाच फरक असेल, तर तो बरोबरीचा समजा. आणि निकाल पाहून पोटात खड्डा पडला, तर ती भावना दाबू नका. बहुधा एखादा निकष तक्त्यात यायचा राहिलेला असतो. तो शोधा, नाव द्या, मोजा. नाव देता येत नसताना वजनं फिरवून हवं ते उत्तर आणणं मात्र नको.

पुढे काय होईल हे अनिश्चित असेल तेव्हा

नियोजनात पर्यायांचे गुण बरेचदा पुढच्या घटनांवर अवलंबून असतात. तिथे तक्त्याऐवजी निर्णयवृक्ष काढा: आपण ठरवतो तिथे चौकोन, घटना ठरवते तिथे गोल, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला परिणाम. एक योजना थेट सगळीकडे राबवायची आहे, असं धरा. यशाची शक्यता ६० टक्के, लाभ १००. फसली तर तोटा ८०. अपेक्षित मूल्य, म्हणजे प्रत्येक परिणामाला त्याच्या शक्यतेने गुणून काढलेली सरासरी, ६० वजा ३२, म्हणजे २८. आता आधी १० खर्चून लहान प्रमाणावर चाचणी घेतली आणि तिचा कौल खरा निघतो असं मानलं, तर अनुकूल कौल आल्यावर पदरात ९० पडतात आणि प्रतिकूल आल्यावर फक्त १० जातात. अपेक्षित मूल्य ५४ वजा ४, म्हणजे ५०. चाचणीवर ३२ पर्यंत खर्च करणं परवडतं, हेही याच हिशोबातून निघतं. खऱ्या चाचण्या कधी कधी चुकीचा कौल देतात, त्यामुळे प्रत्यक्षात ही मर्यादा त्याहून खालीच धरा. आणि एका अपयशाने सगळंच बुडणार असेल, तर सरासरीवर विसंबू नका. तसं अपयश येऊ शकणारा पर्याय अट लावून बादच करा.

एकाच वेळी अनेक गोष्टी निवडायच्या असतील तर

इथे वरून क्रमाने उचलत जाणं फसवं ठरतं. बजेट १०० आहे. पहिल्या कामाचं मूल्य ६० आणि खर्च ६०. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाचं मूल्य प्रत्येकी ४५ आणि खर्च प्रत्येकी ५०. पहिलं उचललं की उरलेल्या ४० मध्ये काहीच बसत नाही, हाती ६०. उरलेली दोन्ही उचलली तर ९०. तेव्हा मूल्यमापन कामांच्या संचाचं करा. यादी मोठी असेल, तर स्प्रेडशीटमधलं सॉल्व्हर नावाचं साधन हे काम करतं; "अमुक केलं तरच तमुक" अशा अटीही त्याला सांगता येतात.

गटात वापरताना

गुण आणि वजनं आधी प्रत्येकाने एकट्याने लिहावीत, मग एकत्र उघडावीत. पहिला बोलणारा वरिष्ठ असला की बाकीच्यांचे आकडे त्याच्याकडे झुकतात. लगेच सरासरी काढू नका: एकाने २० आणि दुसऱ्याने ९० दिलेत, तर ५५ हे कुणाचंच मत नाही. त्या दोघांना आधी बोलू द्या. बऱ्याचदा एकाकडे अशी माहिती असते जी दुसऱ्यापर्यंत पोचलेलीच नसते.

नुसतं मतदान घेऊन मोकळं होण्याचाही धोका आहे. फ्रेंच गणितज्ञ काँडोर्से यांनी १७८५ मध्येच दाखवलं होतं, की बहुमत अ ला ब पेक्षा, ब ला क पेक्षा आणि क ला अ पेक्षा पसंत करू शकतं, प्रत्येक मतदाराचा स्वतःचा क्रम सुसंगत असूनही. तेव्हा जोड्यांनी मतदान घेतलं, तर कोणती जोडी आधी घेतली यावरच निकाल ठरतो.

नोंद ठेवा

निर्णय झाल्यावर एका पानावर लिहा: प्रश्न, बाद झालेले पर्याय आणि त्यांची कारणं, वस्तुस्थितीचा तक्ता, वजनं, आणि निकाल उलटवू शकणारे एक-दोन आकडे. आपल्या उदाहरणात ते पान म्हणेल, "क निवडला, प्रतिसादाचा वेळ ४ तासांऐवजी १५-२० तासांवर गेला, किंवा पुढच्या वर्षी खर्चातला फरक वाढला, तर पुन्हा बसायचं." त्याखाली तारीख आणि हे आकडे पाहत राहण्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव टाका.