जुनी अमेरिकन पेनी कशी पारखावी

अमेरिकेहून आलेल्या नातेवाइकांनी दिलेली सुट्टी नाणी बऱ्याच घरांत एखाद्या डब्यात पडून असतात. त्यातली एक सेंटची पेनी पारखायला भिंग, लोहचुंबक आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा एवढं पुरतं.

आधी साल वाचा. लिंकनच्या छबीशेजारच्या सालाखाली ‘डी’ असेल तर नाणं डेन्व्हरच्या टांकसाळीतलं, ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचं. अक्षर नसेल तर बहुधा फिलाडेल्फियाचं. मागे गव्हाच्या दोन ओंब्या असतील तर नाणं 1909 ते 1958 मधलं आहे.

मग वजन करा. 1982 पर्यंतच्या बहुतेक लिंकन पेनींत 95 टक्के तांबं आणि वजन 3.11 ग्रॅम. 1982 मध्ये वर्षाच्या मध्यातच धातू बदलला: आत जस्त, वर तांब्याचा पातळ मुलामा, वजन 2.5 ग्रॅम. त्या एका सालाची दोन्ही प्रकारची नाणी सापडतात आणि दिसायला सारखीच असतात, म्हणून तिथे काट्यावरच विश्वास ठेवा.

1943 च्या पेनीला मात्र निवांत वेळ द्या. महायुद्धासाठी तांबं हवं होतं, म्हणून त्या वर्षी पोलादावर जस्त चढवून पेनी पाडल्या. रंग राखाडी, वजन सुमारे 2.7 ग्रॅम, चुंबकाला चटकन चिकटणाऱ्या. अशी शंभर कोटींहून जास्त नाणी निघाली, त्यामुळे वापरलेल्या नाण्याला फारसा भाव नाही. खरी दुर्मीळ ती चुकून तांब्याच्या चकतीवर उमटलेली मोजकी नाणी, आणि लबाडीही तिथेच चालते. पोलादी पेनीला तांब्याचा मुलामा दिलेला असेल तर चुंबक लगेच चुगली करतो. पण 1948 मधला 8 घासून 3 केलेला असेल तर चुंबक आणि काटा दोन्ही फसतात. अशा वेळी साधी पोलादी पेनी शेजारी ठेवून भिंगातून दोन्हींवरचा 3 ताडून पाहा. वळण किंवा शेपटी जुळली नाही, आकड्याभोवती ओरखडे दिसले, तर नाद सोडा.

नाणं घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही नको. तांब्याची भांडी लखलखीत शोभतात, नाणी नाहीत. मूळ लालसर झळाळी टिकलेल्या नाण्याला तपकिरी नाण्यापेक्षा जास्त किंमत येते, आणि घासून आणलेली चमक जाणकार नजरेला लगेच कळते. नाणं कडेने धरा.

भावाचं म्हणाल तर ओंब्यांच्या बहुतेक वापरलेल्या पेनी काही सेंटांतच विकल्या जातात. थांबून पाहण्यासारखी सालं थोडी आहेत. 1909 ची ‘एस’ पेनी, मागे खाली शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची व्ही.डी.बी. ही आद्याक्षरं असलेली, फक्त 4,84,000 पाडली गेली. 1914 ची ‘डी’ आणि 1931 ची ‘एस’ याही कमी निघाल्या. 1955 च्या काही पेनींवर साल आणि अक्षरं स्पष्ट दुहेरी उमटलेली दिसतात. त्यांनाही चांगला भाव आहे.

किंमत काढताना विक्रेत्याने मागितलेला आकडा धरू नका, प्रत्यक्षात झालेल्या विक्रीचे भाव बघा. नाणं खरंच मोलाचं वाटलं तरच पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांचा खरेपणा आणि दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडून तपासून घ्या. साध्या नाण्याला तपासणीचा खर्च परवडत नाही. तांब्यासाठी पेनी वितळवायचा विचारही नको: अमेरिकेत 2007 पासून त्यावर कायम बंदी आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची आहे.