टोमॅटोबरोबर वाइन: बाटलीपेक्षा मिठाकडे लक्ष द्या

टोमॅटोबरोबर वाइन जमत नाही, असं मला नाशिकमध्येही कोणी ना कोणी ऐकवतंच. द्राक्षांच्या गावात राहून! जमते, आणि दोन हजारांच्या आतली बाटली असली तरी जमते. पण फ्रिजमधला टणक टोमॅटो कापायचा, वर चाट मसाला भुरभुरायचा आणि शेजारी दुकानातली सगळ्यात भारदस्त लाल वाइन उघडायची, असं करणार असाल तर सरळ सोलकढी प्या.

आधी टोमॅटो. युरोपात टोमॅटो जुलै-ऑगस्टच्या उन्हात पिकतो, म्हणून तिकडे तो उन्हाळ्याचा पदार्थ. आपल्याकडे मे महिन्यात बाजारात दिसतो तो बराचसा नारायणगावच्या बाजूचा. आपला हंगाम पावसाळ्यात सुरू होतो, गिरणारे आणि पिंपळगावला क्रेटच्या थप्प्या लागतात तेव्हा. नेमका तेव्हाच श्रावण आडवा येतो आणि निम्मी मंडळी ग्लासाला हात लावत नाहीत, पण टोमॅटो गणपतीनंतरही चांगलेच मिळतात. मे महिन्यातही ही मैफल जमते, फक्त निवडून घ्यावं लागतं.

घेताना एकच पाहा. लांबच्या गाडीत चढणारा माल पूर्ण पिकायच्या आधी खुडलेला असतो. तो नंतर लाल होतो, पण चव तेवढी येत नाही. तुम्हाला हवा तो गाडीला नको असलेला, दाबला तर किंचित बोट रुतणारा, देठाजवळ वास येणारा. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात कधी कधी चपटे, घड्या पडलेले गावठी टोमॅटो दिसतात. दिसले तर भाव करत बसू नका. घरी आणून टोपलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलेत की वास जातो, आणि वास गेला की उरतं ते आंबट पाणी.

आता बाटल्या. तीन पुरेत: युरोपातल्या दोन, नाशिकची एक. नियम एवढाच, की वाइन टोमॅटोपेक्षा आंबट हवी. ती कमी आंबट असली की टोमॅटोच्या घासानंतर पाणचट लागते. म्हणून पांढऱ्यात पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्द, स्पेनमधल्या रुएदाची व्हर्देहो किंवा फ्रान्सची म्युस्कादे, यांपैकी जी मिळेल ती. लाल हवीच असेल तर इटलीतल्या पिएमॉन्तेची बार्बेरा. तिच्यात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा कमी. तिसरी आपल्याकडची सॉव्हिन्यों ब्लां, हीही पांढरीच. आपली द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात, तिकडची बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. शेजारी शेजारी ठेवून चाखली की फरक आपोआप कळतो. स्वस्त पांढरी वाइन घेताना लेबलवरचं वर्ष बघा, ताजं घ्या. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली फुकट दिली तरी नको. आणि तिकडे पाच-सहा युरोंना मिळणारी बाटली इथे एवढी महाग कशी, म्हणून दुकानदाराशी वाद घालू नका. वर्षानुवर्षं तिच्यावर 150 टक्के आयात शुल्क बसत आलंय.

पांढरी थंडगार, 8-10 अंशांना. लालसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये. ‘लाल वाइन रूम टेंपरेचरला’ हा सल्ला तिकडच्या गार घरांसाठी आहे, मे महिन्यातल्या सिडकोतल्या फ्लॅटसाठी नाही.

आता खरी गोष्ट, जिथे मी तोंडघशी पडले होते. काही वर्षांपूर्वी यांच्या ऑफिसातली मंडळी जेवायला होती. मी फ्रान्सच्या बोर्दोची लाल वाइन आणली, चांगली तुरट, आणि सोबत आपली नेहमीची टोमॅटोची कोशिंबीर केली: दाण्याचं कूट, साखर, लिंबू, वर मिरचीची फोडणी. पहिल्या घोटानंतर सगळे एकदम सभ्य झाले. ‘वेगळीच आहे नाही?’ असं एक वहिनी म्हणाल्या. मी चाखली तर गंजक्या पाइपातून आलेल्या पाण्यासारखी लागली. टोमॅटोतल्या उमामी, म्हणजे तोंडात रेंगाळणाऱ्या मुरलेल्या चवीने वाइनमधला कडूपणा उठून दिसतो, साखरेने वाइन आणखी आंबट लागते आणि मिरची-अल्कोहोल एकत्र आले की जिभेला नुसती आग. एका वाडग्यात मी तिन्ही चुका करून ठेवल्या होत्या.

मग मी बाटली बदलली. पांढरी आणली, कोशिंबीर सोडून नुसत्या फोडी ठेवल्या, खायच्या वेळी वरून मीठ. तरी वाइन फिकी. दुसरी बाटली, तीच कथा. दोष बाटलीचा म्हणून मी पुढचे तीन रविवार पैसे उधळले. एके दिवशी फोडींना मीठ लावलं आणि ताईचा फोन आला. ताईचा फोन म्हणजे वीस मिनिटं. परत आले तर वाडग्याच्या तळाशी लालसर पाणी सुटलेलं, आणि त्या फोडींबरोबर तीच फिकी वाइन एकदम जागी झाली.

तेव्हा मीठ आधी लावायचं, आणि थांबायचं. अर्धा किलो टोमॅटोच्या जाड फोडींना सपाट अर्धा चमचा मीठ, हाताने हलकेच सगळीकडे लावून, 15 ते 20 मिनिटं झाकून ठेवा. वरून ऐनवेळी भुरभुरलेलं मीठ जिभेला आधी खारट लागतं आणि फोड आतून अळणीच राहते. तासभर ठेवलंत तर फोडी लोळागोळा. बिया आणि त्यांच्याभोवतीचा गर काढून टाकण्याचा नीटनेटकेपणा कृपा करून करू नका. टोमॅटोची निम्मी चव त्या गरात असते, आणि मिठाने तीच पाण्यात उतरते. मीठ कडूपणाही दाबतं, आंबटपणाची धारही बोथट करतं. मग वाइनचा आंबटपणा वरचढ राहतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

मीठ साधं, घरातलं. काळं मीठ अजिबात नाही, त्याच्या वासापुढे वाइनचा वास कुठे टिकतो! झालं की नाही ते तळाचं पाणी चमच्याने चाखून ठरवा. खारट लागता कामा नये, पण दुसरा चमचा घ्यावासा वाटला पाहिजे. तसं वाटलं नाही तर आणखी चिमूटभर मीठ आणि पाच मिनिटं. दोन चमचे ऑलिव्ह तेल सगळ्यात शेवटी. आधी घातलंत तर मीठ फोडीला लागतच नाही. लिंबू, कच्चा कांदा, मिरची या तिघांना त्या दिवशी सुट्टी.

चाखायचं असं: आधी वाइनचा नुसता घोट, मग फोड, मग पुन्हा घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा गोलसर, फळाचा वास घेऊन आला तर जोडी जमली. पाणचट झाला तर मिठाकडे परत जा. कडू झाला तर बाटली बदला, एवढ्या कडूपणाला मीठ पुरं पडत नाही. एका वेळी 50 मिलिलिटर ओता, पांढरीकडून लालकडे जा. सोबत भाजलेला पाव आणि पनीरचे तुकडे ठेवले की झालं. फरसाण लपवून ठेवा, नाहीतर मंडळी आधी तेच संपवतात.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. वाडग्याच्या तळाशी राहिलेल्या पाण्यात पाव बुडवून खायचा असतो. पाहुण्यांना हे मी सहसा ते निघाल्यावर सांगते.