गाडीसाठी हवेचा कंप्रेसर घेताय? या चुका टाळा

बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं असतं आणि आपण तिथेच भुलतो. अहो, कारच्या चाकाला लागतात ३०-३५, मग १५० घेऊन करायचं काय? बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा टाकतो ते. साध्या कारच्या टायरमध्ये अंदाजे ३० लिटर जागा असते, २० वरून ३३ पीएसआयला न्यायचं तर अजून २६-२७ लिटर हवा आत कोंबावी लागते, आणि पिकअपचं किंवा ट्रॉलीचं चाक म्हटलं की हवा पण जास्त आणि प्रेशर पण जास्त.

माझा पहिला कंप्रेसर छोटा, स्वस्तातला. कारला मस्त चालला म्हणून पिकअपच्या मागच्या चाकाला लावला, आणि पंधरा-वीस मिनिटं सलग चालू ठेवला. नळीचं पितळी टोक हाताला चटका देत होतं, मग जळका वास आला आणि मोटर बसली ती बसलीच. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, १० मिनिटं चालवा, मग थंड होऊ द्या. म्हणून सांगतोय, किती वेळ सलग चालतो हे घेण्याआधी वाचा.

दुसरी चूक वायरिंगची. कंप्रेसरची पिन जिथे लावतो त्या लायटर सॉकेटचा फ्यूज गाडीनुसार साधारण १० ते २० अँपिअरचा असतो. १८० वॅटचा कंप्रेसर १२ व्होल्टवर १५ अँपिअर खेचतो, म्हणजे लहान फ्यूज उडू शकतो. मोठा घ्यायचा तर थेट बॅटरीला चिमटे लागणाराच घ्या, आणि वायर नि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोचते का ते दुकानातच विचारा. ट्रेलर असेल तर त्याच्या शेवटच्या चाकापर्यंत.

गेजवरचा (दाब दाखवणाऱ्या मीटरवरचा) आकडा झटकन वर जातो आणि बंद केल्यावर खाली येतो? मशीन बिघडलेलं नाही, चालू असताना गेज नळीतलं प्रेशर दाखवतं, बंद करूनच वाचा. मोटर चालू पण हवा जात नाही तर नोझल तिरकं बसलंय, काढून परत सरळ दाबा.

हवा सकाळी गाडी हलवायच्या आधी भरा, गरम टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या, टायरवर लिहिलेला असतो तो कमाल. ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला असेल तर मात्र या छोट्या मशीनशी झटू नका, स्टेपनी लावा आणि सरळ पंक्चरवाल्याकडे जा.