सीएसव्हीतील मराठी नावे एक्सेलमध्ये बिघडू नयेत म्हणून

सोसायटीच्या वेब-ॲपमधून उतरवलेली सभासदांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) यादी एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिक करून उघडली, की ‘गिरगाव’ किंवा ‘शीव’ यांच्या जागी एकेका अक्षरामागे तीन-तीन परकी चिन्हे दिसू शकतात. मजकूर शाबूत असतो, एक्सेल तो चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या वेगळ्याच सांकेतिक पद्धतीने, वाचते इतकेच.

कोरे वर्कबुक उघडून ‘डेटा’ टॅबमधील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल निवडावी, ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१ : युनिकोड यूटीएफ-८’ घ्यावे आणि नावे नीट दिसल्यावरच ‘लोड’ करावे. ॲप आपल्याच ताब्यात असेल, तर फाइलीच्या आरंभी बीओएम (मजकूर युनिकोडमध्ये आहे हे एक्सेलला कळवणारी अदृश्य खूण) जोडणे अधिक सोयीचे. मग प्रत्येकाला हे समजावत बसावे लागत नाही.

बिघडलेली यादी त्याच नावाने सेव्ह करू नये, कारण त्यानंतर मूळ अक्षरे परत मिळतीलच असे नाही.